मित्सा सुर्दाचा जिना

१

काल्यारी बंदराच्या धक्क्याला पर्यटकांचं जहाज लागलं, की पावणेआठला बसच्या दाराशी उभं राहायचं, पिवळी छत्री मिटलेलीच उंच धरायची आणि उतरून येणाऱ्या प्रत्येकाला हसून ‘गूटन मॉर्गन’ म्हणायचं. रिमेदिया काबोनी बावीस वर्षं हेच करत आली होती. मे महिन्यातल्या त्या गुरुवारी मात्र ‘गूटन’ तोंडातून निघालं आणि ‘मॉर्गन’ घशातच राहिलं.

बसचा ड्रायव्हर एफिझिओ आरसा पुसत होता. तो मागे वळून म्हणाला, “काय गं, कावळा गिळलास की काय?”

“गिळला असता तर निदान तो तरी ओरडला असता,” ती कुजबुजली.

एफिझिओ हसला, पण अर्धंच. त्याला ठाऊक होतं. रिमेदियाच्या स्वरतंतूवर गाठ होती, ती मंगळवारी काढायची होती. तोवर तोंड बंद ठेवा, असं डॉक्टरने बजावलं होतं. “आणि नंतर?” असं तिने विचारल्यावर त्याने खिडकीबाहेर बघत “बघू या” म्हटलं होतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघून बोलला की काय समजायचं, ते त्रेपन्न वर्षांच्या बाईला सांगावं लागत नाही. म्हणूनच ही एक फेरी तिने मागून घेतली होती. अर्ध्या दिवसाची साधी सहल: आठला निघायचं, मित्सा सुर्दाची विहीर दाखवायची, परतताना एका गावात पार्दुला, म्हणजे केशर घातलेल्या चीजच्या छोट्या गोड पुऱ्या, खायला घालायच्या आणि दीडच्या आत सगळ्यांना जहाजावर पोचवायचं.

एकतीस जण होते, सगळे जर्मन, बहुतेक साठीच्या पुढचे. सगळ्यांत शेवटी ब्रांट नवरा-बायको आले. हेर ब्रांट ल्युबेकच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सडसडीत, गळ्यात दुर्बीण. त्यांची बायको ओट्टी दोन काठ्यांवर चालत होती आणि बसच्या पायऱ्यांशी थांबून धापा टाकत होती.

“विहिरीला पायऱ्या आहेत?” तिने विचारलं.

“चोवीस. आणि उंच आहेत, बाईसाहेब.”

“मग मी वरच बसेन. मला बसायला आवडतं. माझ्या वाटचं हा बघून येतो आणि मला सगळं चुकीचं सांगतो.”

“चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, कुणी तक्रार केली नाही,” हेर ब्रांट म्हणाले.

“ती मुलं होती. झोपलेली असायची.”

रिमेदियाला दोघंही आवडली.

२

बस तिकिटाच्या खोपटाशी थांबली तेव्हा आवारात दुसरी एकही गाडी नव्हती. बंदरात त्या दिवशी एकच जहाज होतं. रिमेदियाने प्रत्येकाला गळ्यात अडकवायची काळी डबी आणि इअरफोन दिला. स्वतःच्या कॉलरला माइक लावला, त्याची डबी कमरेला खोचली. या यंत्रामुळेच तर तिला आज यायचा धीर झाला होता. कुजबुजलं तरी एकतिसाव्या माणसाला ऐकू जातं.

खोपटातून पेप्पामावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाली. तिकिटं फाडणारी, जाळीचं कुलूप काढणारी आणि उन्हाळ्यात तिथल्याच बाकावर विणकाम करणारी पेप्पामावशी. रिमेदिया पहिल्यांदा इथे आली तेव्हाही ती म्हातारीच होती. तिने ओट्टीकडे पाहिलं, ओट्टीने तिच्याकडे पाहिलं, आणि एकमेकींच्या भाषेचा एक शब्दही येत नसताना दोघी बरोबर चालू लागल्या, हळूहळू, सगळ्यांच्या मागून.

विहिरीपर्यंत दहा मिनिटांची सपाट पायवाट होती. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, पिवळी रानफुलं, मधून मधून जुन्या गोल घरांचे जमिनीलगत उरलेले दगड. रिमेदिया सवयीप्रमाणे उलटी चालत होती, तोंड लोकांकडे करून, आणि कुजबुजत होती: ही वस्ती तीन हजार वर्षांपूर्वीची, ही माणसं कोण ते आपल्याला ठाऊक नाही, त्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही.

वाटेच्या मध्यावर पहिल्या माणसाने पाय उचलला. जरा उंच, एखादी आडवी गोष्ट ओलांडावी तसा. त्याच्या मागच्या बाईनेही तिथेच पाय उचलला. मग तिसऱ्याने, चौथ्याने. ओट्टी अजून मागे होती; बाकी तीस माणसं एका मागून एक त्या जागी आली, प्रत्येकाने न बोलता पाय उचलला आणि पलीकडे ठेवला.

तिथे काही नव्हतं. सपाट माती. रिमेदिया आत्ताच तिथून उलटी चालत आली होती, तिच्या टाचेला काही लागलं नव्हतं.

तिचे वडील मेंढपाळ होते. कळपापुढे काठी आडवी धरली आणि पुढचं मेंढरू उडी मारून गेल्यावर ती काढून घेतली, तरी मागची शंभर मेंढरं त्याच जागी उडी मारतात. माणसं काय वेगळी असतात? तिने मनाशी म्हटलं आणि पुढे बोलू लागली.

निळ्या टोपीतली एक बाई पुढे येऊन हळूच म्हणाली, “तुमचा आवाज किती सुंदर आहे हो. असं वाटतं की ऐकतच राहावं.”

रिमेदियाला वाटलं, ही थट्टा करते आहे. पण बाईचे डोळे भरून आले होते.

“आणि उंबरा ओलांडताना थांबायचं नाही, हे सांगितलंत ते बरं केलंत,” बाई म्हणाली. “मी अगदी पायच देणार होते.”

रिमेदियाने उंबऱ्याचं नाव काढलं नव्हतं. तिने कमरेची डबी पाहिली. माइक चालू असला की तिथे लाल दिवा लागतो. दिवा लागलेला नव्हता. बसमधून उतरल्यापासून तिने तो चालूच केला नव्हता.

३

घाबरण्यासारखं काही नाही, असं तिने स्वतःला समजावलं. या डब्या साध्या असतात, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरतं. किल्ल्यावर दोन गट जवळून गेले की असे घोटाळे होतात. एकदा तिच्या लोकांनी अर्धा तास स्पॅनिश ऐकलं होतं आणि कुणी काही बोललंही नव्हतं. पण किल्ला शहरात होता, इथे दुसरा गट नव्हता.

तिने बटण दाबलं. दिवा लागला. “आता माझा आवाज येतोय ना?” तिने विचारलं.

कुणी मान हलवली नाही. सगळे डावीकडे बघत होते.

डावीकडे उताराचं रान होतं, त्यावर ऊन पडलेलं. हेर ब्रांटनी दुर्बीण डोळ्यांना लावली, मग खाली घेतली. दुर्बिणीतून पाहणं असभ्यपणाचं ठरेल असं वाटून घ्यावी तशी. एका जाड्या गृहस्थाने डोक्यावरची हॅट उचलून उताराकडे बघत किंचित मान लववली आणि हॅट परत घातली.

पेप्पामावशी ओट्टीला घेऊन तेवढ्यात येऊन पोचली होती. तिनेही ते पाहिलं. पाहिलं, आणि आपल्या चपलांकडे बघू लागली.

“मावशी, आज दुसरी बस आली होती का? सकाळी लवकर?” रिमेदियाने विचारलं.

“नाही.”

“मग हे काय ऐकताहेत?”

“मला काय ठाऊक? मी तिकिटं फाडते,” मावशी म्हणाली आणि जाळीचं कुलूप काढायला गेली.

रिमेदियाला तिथेच मागे फिरता आलं असतं. ऊन जास्त आहे, वेळ कमी आहे, दहा कारणं देता आली असती. पण ही तिची शेवटची फेरी ठरण्याचा संभव होता, आणि समोर एकतीस माणसं अशा चेहऱ्यांनी उभी होती, जसे चेहरे तिने बावीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. लोक घड्याळं बघतात, फोटो काढतात, स्वच्छतागृह विचारतात. हे लोक ऐकत होते. तिला थोडी असूयाच वाटली.

४

मित्सा सुर्दा म्हणजे बहिरा झरा. आत ओरडलं तरी प्रतिध्वनी येत नाही म्हणून गावकऱ्यांनी ठेवलेलं नाव. जमिनीत कोरलेली एक त्रिकोणी खाच, त्यातून सरळ खाली उतरणाऱ्या चोवीस पायऱ्या, तळाशी गोल कोठडी आणि तिच्यात काळं, निश्चल पाणी. कोठडीच्या माथ्यावर हाताएवढं भोक आहे, दुपारी त्यातून ऊन उभं खाली पडतं.

पण लोक बघत राहतात ते छत. ते सपाटही नाही आणि घुमटाकारही नाही. खालच्या जिन्यासारखाच दुसरा जिना वर उलटा लटकलेला आहे. तितक्याच पायऱ्या, तितक्याच घडीव, कडा सुरीने कापल्यासारख्या. कशासाठी, कुणाला ठाऊक नाही. “वटवाघळांसाठी,” असा विनोद रिमेदिया नेहमी करायची, आणि लोक नेहमी हसायचे.

त्या दिवशी तिने विनोद केला नाही. ओट्टीला मावशीशेजारी ऑलिव्हखालच्या बाकावर बसवलं, बाकीच्यांना पुढे घातलं आणि स्वतः शेवटी उतरली. आत गारवा होता. आठव्या पायरीनंतर बाहेरच्या टोळांचा आवाज कापल्यासारखा बंद झाला.

पुढचे लोक विसाव्या पायरीवर पोचले असतील, तेव्हा सगळे थांबले. मग एकदम, कुणी हुकूम द्यावा तसे, सगळेच्या सगळे उजव्या भिंतीला सरकले. पाठ दगडाला चिकटवली. पोटं आत घेतली. जिन्याची डावी अर्धी बाजू पूर्ण मोकळी झाली. आणि प्रत्येकाने मान खाली घातली.

“काय झालं?” रिमेदियाने विचारलं.

त्यांच्या माना खाली होत्या, पण डोळे तिरके वर लागले होते, आणि ते सरकत होते. तळाकडून वर. सगळ्यांचे बरोबर. डोळे वरपर्यंत येत, पुन्हा तळाशी जात आणि पुन्हा हळूहळू वर येत. कुणीतरी जात होतं. एकामागून एक, बरेच जण जात होते.

रिमेदियाला रिकामा जिना दिसत होता. दगडावर ऊन होतं. तिच्या गालावर पाण्याचा एक थेंब पडला. तिने वर पाहिलं. उलटा जिना कोरडा होता; मे महिन्यात तो कायम कोरडाच असतो. पण वरच्या एका पायरीच्या, म्हणजे आपल्याला तळ वाटावा अशा बाजूला, एक ओला डाग होता. त्याच्यापुढच्या पायरीवर दुसरा. तिला त्यातली पायाची बोटं मोजता आली.

तिने कमरेची डबी काढली, मागचं झाकण उघडलं आणि आतले दोन्ही सेल तळहातावर घेतले. दिवा विझला. बंद. आता या माणसांच्या कानांत काही येणं शक्यच नव्हतं.

निळ्या टोपीची बाई स्मित करत होती, अगदी आत्ता कुणीतरी काही गोड सांगितल्यासारखं.

५

हेर ब्रांट तिच्या सगळ्यांत जवळ होते. तिने हात पुढे करून त्यांच्या कानातला इअरफोन काढला. त्यांना कळलंही नाही. तिने तो आपल्या कानात घातला.

बाईचा आवाज होता. खालच्या पट्टीतला, सावकाश. हजारदा सांगूनही ज्याला कंटाळा शिवलेला नाही असा. पहिल्याच क्षणी रिमेदियाला कळलं ते एवढंच, की ही आपल्या धंद्यातली आहे. कुठे श्वास घ्यायचा, लोकांना बघायला किती वेळ द्यायचा, हे तिला ठाऊक होतं. भाषा जर्मन नव्हती, इटालियनही नव्हती. तिच्या आजीच्या गावच्या, या बेटावरच्या सार्द बोलीसारखी होती, पण त्याहून जुनी, आजीलाही अर्धीच कळली असती अशी. तरी रिमेदियाला शब्द लागत गेले.

“…थोडं कडेला या. त्यांना उतरू द्या. घाबरायचं कारण नाही, ते आपल्याला काही करत नाहीत.” थोडा वेळ गेला. “आपण त्यांना नीट दिसत नाही. पण माना बघा कशा खाली घातल्यात. त्यांनाही कुणीतरी शिकवलं असणार.”

आणि त्या आवाजाच्या मागे, खूप माणसं एका दाटीच्या जागी उभी असावीत तसं, हलकं, जपून केलेलं हसू.

रिमेदियाच्या अंगावर काटा आला. तो भीतीचा नव्हता. लहानपणी वडिलांबरोबर डोंगरावर झोपली असताना पहाटे डोळे उघडले आणि वर इतके तारे दिसले की कुणी ओरडेल का अशी वाट पाहत ती पडून राहिली होती, तसं काहीसं. बावीस वर्षं ती सांगत आली होती की ती माणसं गेली आणि काही सांगून गेली नाहीत.

“आता पाण्यात बघा,” आवाज म्हणाला. तो तिला म्हणाला की आपल्या लोकांना, ते तिला कधीच ठरवता आलं नाही. तिने पाण्यात पाहिलं.

पाण्यात छताचा जिना सुलटा झाला होता. त्यावर पावलं होती. घोट्यांपर्यंतची, फार तर पोटऱ्यांपर्यंतची. पुढचं पाण्याच्या काठाने कापलं जात होतं. अनवाणी, ओली, मोठी आणि लहान, थकलेली; बाजारातून घरी जाताना चालावं तशी साधी चाल. आणि सगळ्यांच्या पुढे एक जण होती. तिची पावलं बाकीच्यांच्या उलट दिशेला वळलेली होती. ती आपल्या लोकांकडे तोंड करून उलटी चालत होती, टाच आधी टेकवत, आणि पाण्याच्या काठाशी मध्येच तिचा उचललेला एक हात दिसत होता. त्यात फांदीसारखं काहीतरी उंच धरलेलं होतं.

रिमेदियाला वाटलं, असंच ऐकत राहावं. जहाज जाईल, जाऊ दे. घसा दुखत नव्हता. आपल्याला काहीच सांगायचं उरलेलं नाही, हे इतकं सुखाचं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

पाण्यातलं ते दृश्य हललं. तिने नजर उचलली, तेव्हा शेवटच्या पायरीच्याही खाली, पाण्यात कुणीतरी उभं होतं. पांढरे केस. फिकट निळं जाकीट. हातात एकही काठी नव्हती.

ओट्टी ब्रांट मोकळ्या ठेवलेल्या डाव्या बाजूने, सगळ्यांच्या समोरून, तिच्याही शेजारून, चोवीस पायऱ्या एकटी उतरून गेली होती. ती गुडघाभर पाण्यात होती. तिथे कोठडीची कड संपते. पलीकडे चार पुरुष खोल विहीर आहे. तिने एक हात पाण्याकडे लांब केला होता आणि ती पुढे वाकत होती.

६

रिमेदियाने कानातला इअरफोन ओढून काढला. तसं करताना खरोखर काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. हेर ब्रांट शेजारी बाकीच्यांसारखीच मान खाली घालून उभे होते. तिने त्यांचा दंड हलवला, ते हसले आणि पुन्हा ऐकू लागले, कान मोकळा असूनही. मधल्या पायऱ्या उतरून जायला वेळ नव्हता.

तिने ओरडायचं ठरवलं. ‘फ्राउ ब्रांट’ म्हणण्याएवढा आवाज शिल्लक नाही, हे तिला ठाऊक होतं. एकच शब्द निघेल, तोही छोटा.

“ओट्टी!”

घशात गरम काच फुटल्यासारखं झालं. तोंडात लोखंडाची चव आली. हाक दगडांत घुसली आणि बहिऱ्या झऱ्याने नेहमीप्रमाणे ती गिळली.

पण त्याच क्षणी खालून दुसरी हाक आली. प्रतिध्वनी नव्हता तो. आवाज वेगळा होता, नावही वेगळं होतं. आखूड, दोन अक्षरी, आणि त्यात तोच धाक, तीच काकुळती, जी गटातलं माणूस रस्त्यावर गाडीपुढे गेलं की कुठल्याही गाइडच्या आवाजात येते. तीही आपल्या कुणाला तरी परत बोलावत होती.

ओट्टीचा हात झटकन मोकळा झाला. एवढं रिमेदियाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं: हात मागे आला नाही, मोकळा झाला. पाण्यावर एक मोठं वर्तुळ उठलं. मग डाव्या उजव्या भिंतींना लागून सगळं शांत झालं. लोक माना वर करू लागले. कुणीतरी खोकलं. निळ्या टोपीची बाई ओट्टीपर्यंत पोचली आणि तिला काखेत धरून वर घेऊ लागली.

हेर ब्रांट धावले. “ओट्टी, अगं काय करत होतीस? ओट्टी!”

तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती जिन्याच्या वरच्या बाजूला उभ्या असलेल्या रिमेदियाकडे बघत होती.

“तिचा हात गरम होता,” ती म्हणाली.

७

वर आल्यावर पेप्पामावशी बाकावर एका कडेला सरकली आणि शेजारची जागा हाताने पुसली. रिमेदिया बसली. तिने काही विचारायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

“बोलू नकोस,” मावशी म्हणाली. तिने पदरासारखा ओढलेला काळा रुमाल सोडून त्याच्या टोकाने रिमेदियाच्या ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त टिपलं. “त्या बाईला मी धरलं होतं. धरलं होतं गं. पण ती उठली ती अशी, जशी वीस वर्षांची पोरगी नाचायला उठते. मला वाटलं, हिला कसं अडवू?”

रिमेदियाने जिन्याकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

“मी खाली कधी उतरले नाही,” मावशी म्हणाली. “चाळीस वर्षांत एकदा नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणे आले असले, तर आपण आत डोकावतो का?”

एवढंच. त्यापुढे ती विणकाम गोळा करू लागली.

बसमध्ये एफिझिओने आरशात पाहिलं. “काय, सगळे एकमेकांशी भांडलात की काय? पार्दुला खायच्या आहेत ना?” मग त्याने रिमेदियाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं आणि गाव न घेता सरळ बंदराचा रस्ता धरला. रिमेदियाने दोनदा माणसं मोजली. एकतीस होती.

धक्क्यावर उतरताना प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला. मोठ्या कुठल्या तरी प्रार्थनेहून परतल्यासारखे ते चालत गेले. हेर ब्रांटनी बोलायचा प्रयत्न केला. “तुम्ही हाक मारली नसतीत तर…” म्हणाले, आणि गळ्यातल्या दुर्बिणीशी चाळा करत उभे राहिले.

ओट्टीने हात दिला नाही. ती नवऱ्याच्या दंडाला धरून रिमेदियासमोर थांबली, तिला वर-खाली न्याहाळलं, मग दोन बोटं तिच्या गळ्याला अलगद लावली.

“दुखतंय?”

रिमेदियाने मान डोलावली.

“मला तुमचा राग आलाय,” ओट्टी म्हणाली. “उद्यापर्यंत जाईल.” आणि जहाजाच्या फळीवर चढली.

८

मंगळवारी गाठ काढली. साधी होती, पण आवाज परतला नाही. सुकी पानं सरकावीत तशी एक सळसळ उरली. कचेरीने रिमेदियाला काढलं नाही. माहिती आता ध्वनिमुद्रित केली होती, कुणा मिलानच्या नटीच्या आवाजात. सोबत कुणीतरी छत्री धरणारं लागत होतंच.

हिवाळाभर घरी बसून तिने त्या दिवसाची नीट छाननी केली. यंत्रात शिल्लक विजेने काही काळ कुजबुज चालू राहू शकते. बंद जागेत घोळक्याला एकाच वेळी भास होतात, हे पुस्तकांत आहे. घशाच्या गोळ्या घेतल्या होत्या, थोडा तापही असेल. स्वयंपाकघरात, दिव्याखाली, या सगळ्याचा मेळ चांगला बसत असे. एफिझिओला तिने कागदावर लिहून यातलं थोडं सांगितलं. त्याने वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, “तू परत तिथे जाणार आहेस ना? मग मला कशाला समजावतेस?”

मेमध्ये ती गेली. चाळीस फ्रेंच लोक, कानांत नटी बोलत असलेली. वाटेवर कुणी पाय उचलला नाही. उतारावर नुसतं रान होतं. पेप्पामावशीने जाळी उघडली आणि बाकावर बसली. रिमेदिया यावेळी सगळ्यांच्या पुढे उतरली, उलटी, टाच आधी टेकवत.

अठराव्या पायरीवर तिला गारवा बदलल्यासारखा वाटला. तिच्या कानात काहीच नव्हतं, आणि कुणी काही म्हणालं नाही. तिने छत्री आडवी करून लोकांना थांबवलं. हाताने खूण केली: कडेला. भिंतीला लागा. माना खाली.

“कुणासाठी?” एक तरुण बाई हसत विचारू लागली.

रिमेदियाने ओठांवर बोट ठेवलं. लोक खिदळत, एकमेकांना कोपरं मारत, पण सरकले. डावी बाजू मोकळी झाली. हळूहळू खिदळणं थांबलं. कुणाच्या तरी टकलावर थेंब पडला, त्याने वर पाहायला मान उचलली, आणि रिमेदियाने ती हळूच खाली केली.

तिने स्वतः वर पाहिलं नाही. अरुंद जागी दोन गट समोरासमोर आले, तर उतरणाऱ्यांनी थांबायचं, चढणाऱ्यांना जाऊ द्यायचं, आणि दुसऱ्याच्या माणसांकडे टक लावून बघायचं नाही. ही या धंद्यातली रीत आहे. गाइड तेवढा गाइडला ओळख दाखवतो. म्हणून तिने वळून पाण्याकडे बघत, बंदरात मैत्रिणी भेटल्यावर करत असे तशी, दोन बोटं वर केली.

पाण्यात एक हात वर झाला.

तो तिचाच होता, दुसरा कुणाचा असणार? दगडावर ऊन होतं, पाणी स्वच्छ होतं, आणि पाण्यात माणसाला स्वतःचाच हात दिसतो. तिने हात खाली घेतला, लोकांना पुढे या अशी खूण केली आणि छत्री बगलेत धरून पुढची पायरी उतरली.

पाण्यातला हात अजून वरच होता.